पगार माझा, एटीएम कार्ड त्यांच्या पाकिटात

मागच्या अंकात एका वाचकाला दोन ओळींचं उत्तर दिलं होतं, की नवऱ्याच्या कर्जावर सहअर्जदार म्हणून सही करण्याआधी कागद वाचा, नुसतं बोट ठेवलं तिथे सही करू नका. त्यावर आलेली पत्रं पाहून या वेळचं सदर त्यांनाच द्यायचं ठरवलं. पत्रं थोडक्यात घेतली आहेत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे. मी वकील नाही. बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली, त्यामुळे माझी नजर आधी कागदावर जाते. कायद्याचं जिथे येईल तिथे कलम सांगेन, पण कोर्टात जायचं तर वकील गाठावाच लागेल. तो फुकट कसा मिळतो तेही पुढे येईल.

प्रश्न : ताई, मी अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. पगार माझ्या खात्यात जमा होतो, पण एटीएम कार्ड पहिल्यापासून यांच्याकडे आहे. बँकेत मोबाइल नंबरही यांचाच दिलेला आहे, कारण खातं उघडायला हेच घेऊन गेले होते. दर आठवड्याला हातखर्चाला पैसे देतात आणि त्याचा हिशेब वहीत लिहावा लागतो. मध्यंतरी शाळेत फोन आला की माझ्या नावावरच्या वैयक्तिक कर्जाचे हप्ते थकलेत. मी असं कर्ज घेतलेलंच नाही. यांना विचारलं तर म्हणाले, ‘तुझं-माझं असं काही आहे का आपल्यात? धंद्यात लागले, भरतो.’ मग अबोला. आई म्हणते, दारू पीत नाही, हात उचलत नाही, एवढ्यावरून कोणी संसार मोडतं का? मी संशयी झालेय का?

उत्तर : नाही. आणि संसार मोडायचा का, हे तुम्ही विचारलेलंच नाही, ते आईंनी काढलं. त्यामुळे ते बाजूला ठेवू.

घरात एकानेच व्यवहार बघायचे यात वावगं काही नाही. कित्येक घरांत सगळं बायको बघते आणि नवऱ्याला आपल्या विम्याचा हप्ता कधी असतो तेही ठाऊक नसतं. पण तिथे नवऱ्याने ‘पासबुक दाखव गं’ म्हटलं की पासबुक समोर येतं. तुमच्याकडे विचारल्यावर अबोला आला. शिवाय हिशेबाची वही एकट्या तुमचीच. कोथिंबिरीच्या जुडीचा जाब तुम्ही द्यायचा आणि तुमच्याच नावावरच्या कर्जाचा जाब मात्र कोणी द्यायचा नाही. याला काटकसर म्हणत नाहीत.

कायद्याने याला नाव दिलेलं आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ मध्ये शारीरिक, लैंगिक आणि शाब्दिक-भावनिक छळाच्या जोडीला आर्थिक छळही येतो. बाईचा हक्क असलेला पैसा तिला न मिळू देणं, घरखर्चाला लागेल ते न देणं, तिचं स्त्रीधन किंवा मालमत्ता परस्पर विकणं, जे वापरायचा तिला हक्क आहे ते वापरू न देणं, हे सगळं त्यात आहे. हात उचललाच पाहिजे अशी अट नाही. लग्न न करता नवरा-बायकोसारखे एकत्र राहणाऱ्या बाईलाही हा कायदा लागू आहे. आईंना एकदा हे कलम वाचून दाखवा.

आता कर्ज. ते कसं झालं असेल याचा मला अंदाज आहे. पगारदार खातेदाराला बँका आपणहून पूर्वमंजूर कर्ज देऊ करतात. ॲपवर दोन-चार वेळा बोट टेकवायचं, मोबाइलवर आलेला ओटीपी घालायचा, की रक्कम खात्यात जमा. शाखेत जायला नको, पेनाने सही नको. ओटीपी तुमच्या नवऱ्याच्या फोनवर येतो, म्हणजे बँकेच्या लेखी तो फोन धरणारा माणूस तुम्हीच आहात.

त्यामुळे बँक आधी तुम्हालाच धरणार. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, हे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं. ग्राहकाने आपला पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. त्या ‘दुसऱ्या’मध्ये नवराही आला. म्हणून लेखी कधी कळवलंत ती तारीख मोलाची. अर्जात एवढंच लिहा, की हे कर्ज मी मागितलेलं नाही, खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक माझ्या ताब्यात नाही, कर्जाच्या अर्जाची प्रत द्यावी, ओटीपी कोणत्या क्रमांकावर गेला आणि रक्कम पुढे कोणत्या खात्यात वळवली ते कळवावं. पोच घ्या, शिक्क्यासह. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे पडत नाहीत.

मात्र असा अर्ज दिला की नवऱ्याचं नाव आज ना उद्या पुढे येणार, हे धरून चाला. द्यायचा का आणि केव्हा, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. थकलेल्या हप्त्यांचं काय, हेही वकिलाला विचारून ठरवा. भरत राहिलात तर कर्ज मान्य केल्यासारखं दिसतं, थांबवलेत तर तुमची पत खराब होते.

या सगळ्याच्या आधी खातं ताब्यात घ्या. पासबुक, आधार, पॅन घेऊन शाखेत स्वतः जा आणि सगळं एकाच फेरीत उरका. मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज, जुनं कार्ड बंद, नव्या कार्डाची मागणी, नेट बँकिंगचा नवा पासवर्ड, नवा ई-मेल. क्रमांक बदलला की जुन्या सिमवरचं यूपीआय या खात्याला चालत नाही. अर्धं आज, अर्धं पुढच्या आठवड्यात असं करू नका, मधल्या दिवसांत खातं रिकामं होतं. हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने बघितलेलं आहे. बऱ्याच बँका क्रमांक बदलल्याचा संदेश जुन्या क्रमांकावरही पाठवतात, म्हणजे तुम्ही घरी पोचायच्या आत त्यांना कळलेलं असेल. तेव्हा पगार जमा व्हायच्या आधीचा दिवस निवडा आणि त्या संध्याकाळचा विचार करूनच निघा. आजवर हात उचलला नाही, हे पैसा त्यांच्या हातात असतानाचं वागणं झालं. मनात जरा जरी धास्ती असेल तर आधी १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलून घ्या, बहिणीला किंवा शाळेतल्या कोणाला तरी सांगून ठेवा. प्रत्यक्ष धोका दिसला तर ११२.

शालार्थ, म्हणजे शाळांच्या पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली, त्यातलं पगाराचं खातंच बदलायचं म्हणाल, तर मुख्याध्यापकांमार्फत वेतन पथकाकडे अर्ज करता येतो. पण पगारावर कर्ज चालू असताना आत्ताची बँक ना-हरकत द्यायला खळखळ करेल. म्हणून तूर्त आहे तेच खातं, फक्त किल्ली तुमच्याकडे.

आधारला कोणाचा क्रमांक जोडलाय तेही तपासा. यांचाच असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदला, कारण ऑनलाइन कर्जाच्या कागदांवर पुष्कळदा आधारच्या ओटीपीनेच सही होते.

मग पतअहवाल काढा, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. संकेतस्थळावर पैसे मागणारी पानं आधी पुढे येतात, ती सोडून फुकटचं शोधा. अहवाल हातात आला की वर मोठ्या अक्षरातला गुणांचा आकडा असतो, सगळे तोच बघून कागद मिटतात. खाली उतरा. प्रत्येक कर्जापुढे मालकीचा रकाना असतो, तिथे एकट्याचं, संयुक्त की जामीनदार हे लिहिलेलं असतं. जामीनदार असाल तर भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे तुमची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. अगदी शेवटी चौकश्यांची यादी येते, म्हणजे कोणत्या संस्थेने कोणत्या तारखेला, कशासाठी आणि किती रकमेसाठी तुमचा अहवाल मागवला. कर्ज मिळालं नसलं तरी तुमच्या नावाने कोण कुठे मागायला गेलं होतं, ते इथे सापडतं. मी अहवाल नेहमी या टोकाकडून वाचायला घेते.

नवऱ्याशी बोलायचं का? जरूर बोला, पण खातं हातात आल्यावर. धंद्यात लागले म्हणतात, खरंही असेल. मग किती घेतले, कुठे गेले, कसे फेडणार हे कागद घेऊन बसून सांगायला त्यांना अडचण नसावी. बसले तर उत्तमच. नाही बसले तर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्यायची गरज उरणार नाही.

प्रश्न : यांची इलेक्ट्रिकल सामानाची एजन्सी माझ्या नावावर आहे. यांचं आधीचं कर्ज थकलं होतं, म्हणून नवीन धंदा माझ्या नावाने काढला. मी दुकानात कधी बसले नाही. चेकबुक आलं की समोर ठेवतात, मी सगळ्या पानांवर सह्या करून देते. आता चेक वटला नाही म्हणून वकिलाची नोटीस माझ्या नावावर आली आहे. मी गृहिणी आहे, मला यातलं काही कळत नाही असं सांगितलं तर चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. वाईट वाटतं लिहिताना, पण खोटी आशा देऊन काय उपयोग?

कर्ज विभागात हे दृश्य रोजचं असायचं. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने आधीच फुल्या मारून ठेवलेल्या. नवरा पान उलटणार, बोट ठेवणार, बाई सही करणार, पुढचं पान. शेजारी मूल कंटाळून टेबलावरचा स्टॅम्पपॅड उघडतंय, त्याच्यावर तिचं निम्मं लक्ष. एखादी मधेच थांबून ‘हे कशाचं?’ म्हणायची, की पलीकडून आणि अलीकडून एकदम उत्तर यायचं, ‘फॉर्मॅलिटी आहे.’ फॉर्मॅलिटी नावाचा कागद कुठल्याच बँकेत नसतो. जामीनपत्र असतं, गहाणखत असतं, वचनचिठ्ठी असते. चेक तर त्याहून सरळ, त्यावर खाली ज्याची सही, तो देणेकरी.

तुमची एजन्सी एकल मालकीची आहे. अशा धंद्यात धंदा वेगळा आणि मालक वेगळा असं कायदा मानत नाही. दुकानाचं देणं थेट तुमचं, जीएसटीची थकबाकी तुमच्या पॅनवर. चेकबद्दल सांगायचं तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली तर गुन्हा होत नाही. नाही दिली तर त्यानंतरच्या महिन्याभरात समोरचा कोर्टात तक्रार करू शकतो. तेव्हा नोटीस यांच्या हातात देऊन मोकळ्या होऊ नका. लिफाफ्यासकट फोटो काढा, कधी मिळाली ती तारीख टिपून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा. समन्स आलं तर तारखेला हजर राहायचंच, नाहीतर वॉरंट निघतं.

वकिलाला पैसे कुठून आणू, हा पुढचा प्रश्न मला दिसतोय. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, फोन १५१००. ‘तुमच्या नावावर तर एजन्सी आहे’ असं म्हणून कोणी परत पाठवू लागलं तर हे कलम सांगा.

दुसरं काम, सही करून दिलेले किती चेक बाहेर आहेत ते शोधणं. चेकबुकाच्या मागच्या नोंदीवरून किंवा बँकेतून वटलेल्या चेकचे क्रमांक काढले की उरलेले कळतात. त्यांचं पेमेंट थांबवायची लेखी सूचना बँकेला देता येते. त्याने कलम १३८ टळतंच असं समजू नका, थांबवलेल्या चेकची प्रकरणंही कोर्टांनी याच कलमाखाली घेतलेली आहेत. पण ही सूचना देण्याआधीही वकिलाशी बोला, म्हणजे ज्यांचं खरंच देणं आहे त्यांच्याशी आणखी वाकडं येणार नाही.

तिसरं, जीएसटी पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल कोणाचा आहे ते बघा. विवरणपत्रं भरली जाताहेत का, थकबाकी किती, हे करसल्लागाराला विचारा. यांच्या सल्लागाराला नको, दुसऱ्याला. धंदा बंद करायचा असेल तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज आणि शेवटचं विवरणपत्र भरावं लागतं, दुकानाचं शटर ओढून ती रद्द होत नाही.

आणि आजपासून कोऱ्या चेकवर सही नाही. रागावले तर म्हणा, नोटीस माझ्या नावावर आली आहे. त्याला उत्तर नसतं.

प्रश्न : माहेरहून घातलेलं सोनं लग्नानंतर सासूबाईंनी त्यांच्या लॉकरमध्ये ठेवलं. माझ्या भावाच्या लग्नाला मागितलं तर पाटल्या दिल्या, राणीहार दिला नाही. नंतर कळलं की दिरांच्या धंद्यासाठी तो सोनेतारणात ठेवलाय. यांना म्हटलं तर ‘घरातच आहे ना, तुला काय कमी केलंय?’ माझा त्यावर काही हक्क उरतो का?

उत्तर : उरतो काय, सगळाच तुमचा आहे. लग्नात, लग्नाआधी आणि नंतर तुम्हाला माहेरून, सासरून, मित्रमैत्रिणींकडून मिळालेली भेट म्हणजे स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं, की ती बाईची पूर्ण मालकी आहे, सासरी दिलेलं सोनं सासरच्यांकडे फक्त विश्वासाने ठेवलेलं असतं आणि मागूनही ते परत न करणं हा फौजदारी विश्वासघात होऊ शकतो. हा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. एप्रिल २०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं, की स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही. अडचणीत नवरा ते वापरू शकतो, पण परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. त्या बाईला २५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. तुमच्या बाबतीत तर ते दिराने वापरलं, म्हणजे ‘घरातच आहे’ याला काही अर्थ नाही. सोनं तारण ठेवताना ‘दागिने माझ्या मालकीचे आहेत’ असं लिहून द्यावं लागतं. ते कोणी लिहून दिलं, हा प्रश्न घरात नुसता विचारलात तरी बरंच हलेल.

पण विचारण्याआधी यादी करा. दागिना, अंदाजे वजन, कोणी दिला, कोणाच्या ताब्यात. सराफाच्या पावत्या वडिलांच्या कपाटात सापडतील, तोळ्यांच्या हिशेबाची जुनी वही असेल तर तीही. लग्नाच्या अल्बममधले जवळून काढलेले फोटो वेगळे काढा. व्हिडिओत देण्याघेण्याचा भाग असतो, सगळे कंटाळून पुढे ढकलतात तो. तिथे कोणी काय घातलं ते दिसतं, पुष्कळदा नावासकट ऐकूही येतं.

पोलिसांत जाण्याआधी मी संरक्षण अधिकाऱ्याला भेटेन. २००५ च्या कायद्याखाली सरकारने हे अधिकारी नेमले आहेत. ते घटनेचा अहवाल तयार करतात, दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला मदत करतात. कलम १८ खाली लॉकर आणि बँक खाती परवानगीशिवाय न वापरण्याचा आदेश मागता येतो, कलम १९ खाली स्त्रीधन परत करण्याचा, कलम २३ खाली तातडीचा अंतरिम आदेश. पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल शक्यतो ६० दिवसांत, असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेशाचा अर्ज पहिल्याच दिवशी जोडायला सांगा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कोर्टाचं नाव काढायची हिंमत होत नसेल, तर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये तो मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केला, आता राज्यात अनेक ठिकाणी आहे. तिथे समाजकार्य शिकलेली माणसं बसतात. सासूबाईंना आणि यांना बोलावून बोलणं करतात, आणि पोलिसांच्या आवारात बोलावणं आलं की लॉकरच्या किल्ल्या पुष्कळदा लवकर सापडतात.

थोडक्यात दोन. ‘लाडकी बहीण’चे १,५०० रुपये जमा होतात त्या खात्याचं कार्ड मुलाकडे आहे, असं एका आजींनी नातीकडून लिहून पाठवलंय. आजी, सरकारी योजनेचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. पोस्टात किंवा दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडा आणि हेच खातं आधारशी जोडा असा अर्ज तिथे द्या. नातीला बरोबर न्या, मुलाला नको. दुसरं पत्र एका गृहस्थांचं. बायको आणि तिचा भाऊ मिळून आपला पगार काढून घेतात, पुरुषांसाठी कायदा नाही का, असं विचारतात. २००५ चा कायदा फक्त स्त्रियांसाठी आहे, हे खरं. पण मोबाइल क्रमांक, कार्ड, पतअहवाल, बँकेला लेखी अर्ज, लोकपाल हे वर शिक्षिकेला जे सांगितलं ते तुम्हालाही जसंच्या तसं लागू आहे, आणि फसवून पैसे काढले असतील तर पोलिसांत तक्रार करायला स्त्री-पुरुष हा भेद नाही.

प्रश्न : धाकट्या बहिणीला नवरा एक रुपयाही देत नाही. माहेरी फोन करायचा तर रिचार्जसुद्धा मी करतो. मेहुणे सगळ्यांना सांगतात, मला उत्पन्नच नाही. पण घरात गाडी आली, प्लॉट घेतला. मी तिला कितीदा सांगितलं सोडून ये, ती ऐकत नाही. मी काय करू?

उत्तर : ‘सोडून ये’ म्हणणं आधी बंद करा. दर वेळी तेच ऐकायचं म्हटलं की ती तुम्हाला खरं सांगायचं बंद करेल आणि मग तुम्हाला काहीच कळणार नाही.

उत्पन्न नाही, हे वाक्य पोटगीच्या प्रकरणांत इतक्यांदा येतं की सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र देणं सक्तीचं केलं. त्यात खोटं लिहिलं तर ते अंगाशी येतं. पण ते खोटं आहे हे दाखवायला काहीतरी हातात लागतं. तुमची बहीण त्या घरात आहे तोवरच तिला ते दिसतंय. गाडीच्या कर्जाचं पत्र, प्लॉटच्या व्यवहाराची पावती, विम्याचा कागद, बँकेतून आलेला लिफाफा, जे घरात उघड्यावर पडलेलं असतं त्याचा फोटो पुरे. त्यांचा फोन उघडायच्या फंदात तिने पडू नये. फोटो तुमच्याकडे पाठवून तिच्या फोनमधून काढून टाकायचे. तिचं आधार, पॅन, शिक्षणाची प्रमाणपत्रं, मुलांचे जन्मदाखले यांच्या प्रती तुमच्या घरी ठेवा, मूळ कागद तिला आणता आले तर ते. तिच्या एकटीच्या नावाने तुमच्या गावात खातं उघडा, टपालाचा पत्ता तुमचा, मोबाइल नंबर मात्र तिचाच. तुमचा दिलात तर नवऱ्याच्या जागी भाऊ, एवढाच फरक होईल.

तुम्ही तिला देता ते पैसे रोख देऊ नका, या खात्यात भरा. ते संसार सोडायला की घरात टिकायला, हे विचारू नका. आणि यातलं काहीही फोनवर बोलू नका, ती माहेरी येईल तेव्हा समोर बसून बोला. तिचा फोन रात्री कोणाच्या उशाशी असतो, हे तुम्हाला ठाऊक नाही.